गोड्या विहिरीचं पाणी

सणसवाडीच्या चौकात गाडी अडकली तेव्हा ड्रायव्हर हनुमंतने मागे वळून पाण्याची बाटली पुढे केली, आणि राजश्रीचा हात ती घ्यायला उचललाच गेला नाही. पाणी तिनेच मागितलं होतं. बाटली सीलबंद होती. तरी हात मांडीवरच राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शेजारच्या कंपनीच्या बसमधून पाळी संपवून निघालेली मुलं खाली बघत होती. त्यातल्या एकाने गाडीवरची आमदारकीची पाटी वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. "धरा की मॅडम," हनुमंत म्हणाला, "ही इकतची हाय." तो हसला नाही, पण त्याच्या आवाजाला हसू लागलेलं होतं. तिने बाटली घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. कालपासून हे दुसऱ्यांदा होत होतं. काल न्हावऱ्यात दत्ताच्या घरी बारशाला ती गेली, आणि दत्ताची आई झुंबरबाई स्वतः उठून, काठी टेकत, पाण्याचा पेला घेऊन समोर आली, तेव्हाही हात असाच मधे थांबला होता. पेल्यापासून वीतभर अंतरावर. सगळा मांडव बघत होता. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं, कारण आमदार आल्यावर ते होतंच. तिने हात जोडले आणि म्हणाली, "नको काकू, आत्ताच घेतलं." झुंबरबाईंनी पेला परत नेला. पाणी हिंदकळलं नाही, इतक्या सावकाश नेला.

सकाळपर्यंत ते चित्रण तालुकाभर फिरलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं त्यातलं निम्मं तिच्या बाजूचं होतं आणि तेच वाचायला जास्त जड गेलं. बरं केलं मॅडम, आता कळू द्या त्यांना कसं वाटतं. तिच्या विरोधातल्यांनी फक्त एवढंच लिहिलं होतं की सत्ता आली की माणूस कळतो. दत्ताने तिच्या निवडणुकीत स्वतःची जीप गावोगाव फिरवली होती, घरातल्यांचं ऐकून घेऊन. आज तो तिचा फोन उचलत नव्हता. तीन वेळा वाजून बंद झाला होता.

झुंबरबाईंच्या पेल्यातलं पाणी ज्या विहिरीचं, तिला गावात गोडी विहीर म्हणतात. राजश्रीच्या लहानपणी बाकीच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायचं तेव्हा सगळं गाव तिथे यायचं, आणि तिची आई पार्वतीबाई कडेच्या दगडापाशी हांडा ठेवून उभी राहायची. आत यायचं नाही. रहाटाला हात लावायचा नाही. कुणीतरी येऊन पाणी वाढेल, तेव्हा ते घ्यायचं. वाढणारी बहुतेक वेळा झुंबरबाईच असायची, तेव्हा तरणी, हातात हिरवा चुडा. ती पोहरा उंच धरायची, हांड्याला लागू नये म्हणून, आणि उंचावरून पडणारं पाणी फुटून सगळीकडे उडायचं. राजश्री आईच्या पदराआड उभी राहायची ती त्या उडणाऱ्या थेंबांसाठी. ओठांवर आलेले थेंब ती जिभेने टिपायची. पाणी खरंच गोड होतं, की वाट बघून गोड लागायचं, हे तिला पुढे रसायनशास्त्र शिकूनही सांगता आलं नाही. शाळेत असताना ती ठरवायची की मोठी झाल्यावर ती त्या विहिरीवर जाईल, स्वतः पोहरा सोडेल आणि ओंजळीने पिईल. नंतर नळ आले, शिक्षण आलं, पुणं आलं. ते ठरवलेलं तसंच राहून गेलं. काल तेच पाणी पेल्यात घालून तिच्यापुढे धरलं होतं. वाढणारीही तीच होती, आणि या वेळी पाणी वरून नव्हतं, हातात होतं.

आणि तिला माहीत होतं की ते पाणी खराब आहे. विज्ञान शिकलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा हा एक वाह्यात प्रकार. सरकारी प्रयोगशाळेत तिने आयुष्यातली बरीच वर्षं पाणी तपासण्यात घालवली, आणि आमदार झाल्यावर तिने सगळ्यात आधी काय केलं, तर शिरूर आणि दौंडच्या विहिरी पुन्हा तपासायला लावल्या. लोकांना हे कामच वाटत नव्हतं. लोक शेतातल्या विजेसाठी डीपी मागायला यायचे, बदली मागायला यायचे, लग्नाची पत्रिका घेऊन यायचे. त्यांच्यासमोर बसून ती ऐकायची आणि मनात मोजमाप करायची, ही जुनी खोड. प्रयोगशाळेत एखादा आकडा विचित्र आला तर तो पुन्हा काढायचा, मग आणखी एकदा, आणि तरीही शेवटी लिहायचं की अधिक अभ्यासाची गरज आहे. इथे समोरचा माणूस उभ्याउभ्या विचारायचा, होईल का नाही ते सांगा. विधानसभेत तिने पाण्यातल्या नायट्रेटवर प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आलं की माहिती मागवण्यात येत आहे. एका जुन्या सदस्याने बाहेर चहा घेताना तिला समजावलं, "ताई, डोळ्याला दिसतं त्यावर प्रश्न विचारा. न दिसणाऱ्यावर मतं पडत नाहीत." त्याचं खोटं नव्हतं. नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. उसाला टाकलेला युरिया आणि गोठ्यामागचा उकिरडा पावसाबरोबर खाली मुरतात आणि विहिरीत पोचतात तेव्हा पाणी काचेसारखंच राहतं. काल सकाळी आलेल्या निकालात गोडी विहीर सगळ्यांत वाईट निघाली होती, मर्यादेच्या चौपटीहून जास्त. शुक्रवारी ग्रामसभेत हे नीट, कागद दाखवून, सांगायचं तिने ठरवलं होतं. मग दुपारी बारसं होतं.

पण मोठ्या माणसाला एका पेल्याने काही होत नाही. हेही तिला माहीतच होतं. दहा पेल्यांनीही झालं नसतं. मग हात का थांबला? एक कारण तयार होतं. प्रयोगशाळेतला पहिला नियम, नमुन्याचं पाणी तोंडाला लावायचं नाही. मुलांना शिकवतानाही ती हेच आधी सांगायची, आणि हात शिकलेलं विसरत नाहीत. दुसरं कारण असं की आमदार प्यायला की गाव म्हणतं पाणी चांगलं आहे. तेही खरं. पण हा सगळा विचार नंतरचा होता. हात थांबला तेव्हा यातलं काहीच तिच्या मनात नव्हतं. तेव्हा तिला झुंबरबाईंच्या मनगटावरच्या सुटलेल्या कातडीत सैल झालेला हिरवा चुडा दिसला होता, आणि पेला तसा अधांतरी राहिलेला बघून, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं होतं.

काल रात्री शिरूरच्या घरी तिने आईला हे सांगितलं. पार्वतीबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, भाकरी दुधात कुस्करून खातात. त्या आधी हसल्या. "प्यायची व्हतीस की. म्या असते तर दोन पेले मागून घेतले असते." मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "झुंबरबाई हात आखडत नव्हती, बरं का. बाकीच्या अर्धा पोहरा वाढायच्या. ती काठोकाठ भरून द्यायची. पर वरनं." त्या 'पर वरनं'मध्ये तक्रार नव्हती. अमुक भाजीत मीठ कमी होतं असं सांगावं, तसं सांगितलं. राजश्रीला आईच्या त्या शांतपणाचा राग आला आणि मग रागाचाही राग आला. आई झोपायला गेली. राजश्रीला वाटलं, ज्याचं होतं त्याने सोडून दिलं आणि ती मात्र ते धरून बसली आहे.

तरीही हे सगळं सहन झालं असतं. राजकारणात शिव्या खाव्या लागतात. सणसवाडीच्या त्या गर्दीत, मागेपुढे ट्रकांचे हॉर्न वाजत असताना, जे खरं टोचत होतं ते बारशातलं दुसरं काहीतरी होतं. पाळण्यापाशी बायकांत ती उभी राहिली तेव्हा दत्ताच्या बायकोने, सुलक्षणाने, बाळ तिच्या हातात दिलं होतं. मुलगी दोन महिन्यांची. बारसं आमदारांची तारीख मिळेपर्यंत लांबवलं होतं. वैष्णवी नाव ठेवलं. कपाळाला, गालाला काजळ, डोक्याला कुंची. बायका म्हणत होत्या, सावळी हाय, पणजीवर गेली. ओठ जांभळट होते, पण मांडवाचं कापडच निळं होतं आणि त्याच्यातून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचेच ओठ तसे दिसत होते. मग तिला कोनाड्यातला दुधाच्या पावडरचा डबा दिसला. शेजारी थर्मास. सुलक्षणाने अभिमानाने सांगितलं होतं, "अंगावरचं पुरत न्हाई मॅडम. पर पाणी चांगलं खळाखळा उकळून घेते. तुम्हीच शिकवलंय." बारशात अभद्र बोलत नाहीत. राजश्रीने पाळण्याची दोरी ओढली आणि ती निघाली. निघताना अंगणात तिने दत्ताला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळासाठी विहिरीचं पाणी वापरू नका काही दिवस." दत्ताने तिच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य तिने गिळलं. त्याला वाटलं, पेला नाकारला तो नाकारलाच, वर आता कारणही शोधतायत.

राहू गावात पूर्वी असंच एक बाळ होतं. सुलक्षणाचं माहेर राहू. ती तिथे प्राथमिक शाळेत शिकत होती तेव्हा राजश्री पाण्याच्या पाहणीसाठी दौंडच्या बाजूला महिनाभर होती, आणि दुपारी शाळेत जाऊन मुलांना पाण्याचे धडे द्यायची, कारण मुलांसमोर तिला काहीच अवघड वाटत नसे. भीमेकाठी वीटभट्टीवर एक जोडपं आलं होतं, परगावचं. त्यांचं बाळ निळं पडत होतं. लोक म्हणाले हृदयाचं असेल, बाहेरचं असेल. बोअरच्या पाण्याचा निकाल येईपर्यंत ते गेलं. तिने शोधनिबंधात एक ओळ लिहिली, पाहणीदरम्यान एक प्रकरण आढळले. निबंध चांगला होता, परदेशातल्या लोकांनीही वाचला. ती बोअर पुढची चार वर्षं चालूच होती. निवडणुकीला का उभ्या राहिलात, असं पत्रकार विचारायचे तेव्हा ती काहीतरी सभ्य उत्तर द्यायची. खरं उत्तर त्या ओळीत होतं.

"हनुमंत," ती म्हणाली, "गाडी वळव. न्हावऱ्याला."

"पुण्याची मीटिंग?"

"राहू दे."

हनुमंतने गाडी कडेला घेतली, वळायला जागा शोधली. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. "सोपं काम हाय मॅडम. गेलं, बसलं, एक घोट घेतला. म्या फोटो काढतो. सांजच्याला सगळं मिटतंय." तिने बाजूची बाटली उघडली आणि एका दमात अर्धी पिऊन टाकली. तहान खरीच लागली होती. शिक्रापूरच्या चौकातून तळेगावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, तुऱ्यावर आलेला, आणि ती त्या तुऱ्यांकडे बघत राहिली. एक घोट घेतला आणि फोटो निघाला, तर संध्याकाळपर्यंत अख्खी आळी म्हणणार की पाणी चांगलं आहे. नाही घेतला, तर दत्ता बाळाचं पाणी बदलणार नाही. एक घोट. इतकी वर्षं जो हवा होता, तोच.

दत्ताचा मांडव अजून काढलेला नव्हता. झुंबरबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. सुलक्षणा दारात आली आणि उंबऱ्याआडच थांबली. दत्ता गोठ्याकडून हात पुसत आला, "या" म्हणाला, पण खुर्ची दिली नाही. राजश्री ओट्याच्या पायरीवर बसली. हनुमंत मोबाइल हातात घेऊन फाटकाशी उभा राहिला. तिने त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

"काकू, मी बाळाच्या पाण्याबद्दल बोलायला आले."

"काल बोलला की तुम्ही," दत्ता म्हणाला. "आमचा आजा ह्याच पान्यावर नव्वदीपतुर जगला. आमची समदी पिढी ह्याच पान्यावर. आन् आत्ताच कसं काय इख झालं? तुम्ही आमदार झाल्यावर?"

"पाणी हळूहळू बदलतं दत्ता. मोठ्या माणसांना ते लगेच बाधत नाही."

"मग काल का न्हाई घेतलं? तुम्ही काय दोन महिन्याच्या हाय व्हय?"

त्याचं बोलणं बरोबर होतं. हाच प्रश्न ती स्वतःला कालपासून विचारत होती. झुंबरबाईंनी हातातली पाकळी परातीत टाकली. त्यांनी आतापर्यंत मान वर केली नव्हती. काल त्या तिला मॅडम म्हणाल्या होत्या. आज म्हणाल्या, "राजी, तुझ्या आईला म्या वरनं वाढायचे. त्याचा राग हाय ना तुला?"

या प्रश्नाचं उत्तर राजश्रीपाशी तयार होतं. गेल्या दीड वर्षात तिने अशी पुष्कळ उत्तरं साठवली होती. छे हो काकू, ते जुने दिवस गेले, आता आपण सगळे एक. ते जिभेवर आलंही. मग तिच्या मनात जुन्या सवयीने आलं, की आपण एका निकालात दोन गोष्टी मिसळतोय. वेगळ्या काढल्या पाहिजेत.

"आहे," ती म्हणाली.

"बघा!" दत्ता ओरडला. "म्हनलं नव्हतं म्या?"

"गप रं तू," झुंबरबाई म्हणाल्या.

"राग आहे काकू. लहान होते तेव्हापासून आहे. काल तो अंगात आला म्हणून हात थांबला, असंच असेल. मला माहीत नाही. पण पाणी खराब आहे हेही खरं आहे. राग नसता तरी ते खराबच असतं. दोन्ही खरं आहे."

गोठ्यात गाईने कान झाडले. झुंबरबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचता येईना. मग त्या म्हणाल्या, "राग न्हाई म्हनली असतीस, तर म्या पान्याचं बी खोटंच धरलं असतं." परात त्यांनी बाजूला सारली. "सांग. काय हुतंय पोरीला?"

तिने सांगितलं, शाळेतल्या मुलांना सांगायची तसंच. रक्त म्हणजे एसटी समजा. श्वासातली हवा म्हणजे प्रवासी. एसटी त्यांना अंगभर पोचवते. हे पाण्यातलं खत पोटात गेलं की एसटीच्या बाकांवर दुसरंच सामान येऊन बसतं आणि प्रवासी खालीच राहतात. मोठ्या माणसाच्या गाड्या पुष्कळ, त्याचं भागतं. बाळाच्या गाड्या थोड्या. मग ते निळं पडतं. झुंबरबाई मान हलवत ऐकत होत्या. सुलक्षणा उंबरा ओलांडून बाहेर आली होती.

"पर मॅडम, म्या उकळून देते."

"पाण्यात मीठ टाकलं आणि खूप उकळलं, तर मीठ जातं का?"

सुलक्षणा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, वर्गात बघायची तशी. "न्हाई," ती हळू म्हणाली. "जास्तच खारट हुतंय." आणि मग तिचा हात तोंडाकडे गेला. "राहूच्या भट्टीवरचं ते बाळ... त्याला बी हेच?"

राजश्रीने मान हलवली. सुलक्षणा आत गेली. आतून थर्मास मोरीत उपडा केल्याचा आवाज आला, खूप वेळ, मग बाळाला घेऊन ती बाहेर आली, थेट अंगणात, मांडवाबाहेर, उन्हात. तिने पदराने बाळाचं काजळ पुसलं आणि ओठ बघितले. राजश्रीने बाळाची मूठ उघडून नखं पाहिली. नखं गुलाबी नव्हती. फार निळीही नव्हती. करडट होती. तिने पुन्हा पाहिली, मग दुसऱ्या हाताची पाहिली. प्रयोगशाळा असती तर तिने अजून थांबायचं ठरवलं असतं.

"आत्ता शिरूरला डॉक्टरकडे नेऊ. माझ्या गाडीतून. तिथे रक्त तपासतील, औषध आहे याला. वेळेत गेलं की बरं होतं."

दत्ताचा चेहरा उतरला होता, पण आवाज अजून चढाच होता. "आन् पाणी? आल्यावर काय द्यायचं पोरीला? जारवाल्याचं?"

"जारवाला कुठल्या बोअरचं आणतो ते कुणी तपासलेलं नाही. गावात सध्या एकच पाणी बाळाला देण्यासारखं आहे." ती थांबली. पुढचं नाव घेताना तिला आपल्याच आवाजाची काळजी वाटली, त्यात विजय ऐकू येऊ नये म्हणून. "आमच्या भीमनगरच्या हापशाचं. तिकडे ऊस नाही, गोठे नाहीत, म्हणून ते स्वच्छ राहिलंय."

दत्ताने आईकडे पाहिलं. "आपुन तिकडनं आणायचं?"

झुंबरबाई काठी चाचपत उठायला लागल्या. "तुला लाज वाटत आसंल तर म्या जाते. पर मला येवढं वझं उचलायचं न्हाई, लेकरा."

गाडीत सुलक्षणा मागे बसली, बाळ मांडीवर, दूध न देता थोपटत. हनुमंतने मोबाइल खिशात घातला होता आणि गाडी खड्डे टाळत चालवत होता. वेशीपाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, मग पेलात का न्हाई शेवटी? लोक इचारत्याल."

"नाही. सांग, नाही प्यायल्या. का नाही ते शुक्रवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. रागाचंही सांगेन."

"मतं जात्याल."

"जातील."

मागून मोटारसायकल आली आणि त्यांच्या पुढे गेली. दत्ता होता. हँडलला दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन अडकवलेले, एकमेकांवर आपटत होते. पुढे रस्ता दुभागतो तिथे, एक वाट शिरूरला आणि एक भीमनगरला, तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकून बसून राहिला. पारावर चारपाच माणसं होती, त्याच्या ओळखीची, आणि ती त्याच्या कॅनकडे बघत होती. कुणीतरी काहीतरी विचारलं. हनुमंतने ब्रेक दाबला, बाजूने जायला जागा होती तरी. सुलक्षणाचं थोपटणं थांबलं होतं. तिने हाक मारली नाही, फक्त काच खाली केली. दत्ताने मागे वळून पाहिलं, गाडीकडे नाही, खाली केलेल्या त्या काचेकडे. मग पारावरच्यांना मोठ्याने, जवळजवळ भांडल्यासारखं म्हणाला, "पोरीसाठी पाणी न्यायला चाललोय, भीमनगरच्या हापशावर. काय म्हननं हाय?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने गाडीला किक मारली.

"चल आता," राजश्री म्हणाली.